पाठीवर नेता येईल अशी होडी

११ फेब्रुवारी

ही वही खरं तर बाबांच्या व्यायामाची. बाबांना अर्धांगाचा झटका आल्यानंतर व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. हात किती वेळा वर नेला, किती पावलं चालले, रोज लिहून ठेवा, असं त्यांनी बजावलं होतं. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात तीन ओळी आहेत. पुढे दोन वर्षं सगळं कोरं. एवढी जाड वही वाया कशाला घालवायची, म्हणून कामावर घेऊन आलो. पाटीवर ‘डेंटल लॅब’ लिहिलंय, पण आहे कवळ्यांचा कारखाना. साचे उकळत्या पाण्यात टाकले की दीड तास मी मोकळा असतो. तेवढ्यात लिहीन.

आज सकाळी आंघोळीनंतर बाबांना स्टुलावरून उठवताना थोडी घाई झाली. दिवसा त्यांना सांभाळणाऱ्या मावशी नऊला येतात. त्याआधी बाबांना कपडे घालून खुर्चीत बसवायचं असतं. ते उठेनात. मग मनगट धरून उठवलं. बाकी विशेष नाही. दोन वरच्या कवळ्या, एक खालची.

१६ फेब्रुवारी

काल रविवार. मावशींची सुट्टी, म्हणून ताई आली. ती पडदे शिवते. गळ्यातली मोजपट्टी काढायलाही विसरली होती. बाबांना तिनेच आंघोळ घातली. बाहेर आली आणि म्हणाली, “त्यांच्या मनगटाला काय झालंय?”

“खुर्चीच्या हाताला लागलं असेल.”

“असेल,” म्हणाली. मग बराच वेळ ओटा पुसत बसली. तो स्वच्छच होता.

निघताना म्हणाली, “पुढच्या रविवारपासून मी सकाळी आठलाच येते. तू बाहेर जायचं. दुपारपर्यंत घरात दिसायचं नाही.”

“कुठे जाऊ?”

“कुठेही जा. तुझं वय बावन्न आहे, मी सांगायचं का?”

दोन वर्षांत दर रविवारी दोन तास येते आणि आता घर तिचं झालं.  भांडायला त्राणच नव्हतं.

२३ फेब्रुवारी

काल ताई खरंच आठला हजर. मी रागारागाने बाहेर पडलो. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. बस जिथे शेवटी थांबते तिथे उतरलो. पुढे तळं आहे. इतकी वर्षं या गावात राहतोय, पण तळ्याच्या काठी बसलोय असं आठवत नाही.

तिथे माझ्याच वयाचा एक माणूस आला, पाठीवर मोठी पिशवी. पिशवीतून त्याने गादीसारखं काहीतरी काढलं, पंप लावला आणि पाच-सात मिनिटांत त्याची होडी झाली. लांबट, एका माणसाची. कयाक म्हणतात. त्यात बसला आणि वल्हं मारत गेला. आवाज नाही, काही नाही. मी बघत बसलो. तो परत आला, हवा सोडली, घडी घातली, पिशवी पाठीवर टाकली आणि गेला. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

घरी आल्यावर ताईला सहज सांगितलं, तर ती एकदम म्हणाली, “घे ना मग एक!” जणू काही मी छत्री घेणार होतो.

२ मार्च

आता मला होड्यांमधलं इतकं कळतं की कवळ्या सोडून दुकान टाकावं. एक असते कडक प्लॅस्टिकची. स्वस्तात मिळते, पण वजन वीस-पंचवीस किलो आणि लांबी माझ्या खोलीपेक्षा जास्त. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना दोनदा वळतो. दुसरी घडीची, पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी उलगडते. सुंदर. किंमत बघून मी फोन उलटा ठेवला. तिसरी हवेची. त्यातही दोन जाती. एक खरी आणि एक लहान मुलांना पाण्यात डुंबायला देतात ती, फक्त चित्र कयाकचं.

खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. विक्रेता फार हुशार. “साहेब, समुद्रात की नदीत?”

“तळ्यात. काठाकाठाने.”

“कितीजण?”

“एक.”

“मग दोघांची घ्या, कुणीतरी येईलच बरोबर.”

“गेल्या बावन्न वर्षांत कुणी आलं नाही,” मी म्हटलं. तो हसला. मी मस्करी केली असं त्याला वाटलं.

लॅबच्या मॅडमनी चहाच्या वेळी विचारलं, “पोहता येतं का तुला?”

“यायचं.”

“कधी?”

“शाळेत.”

“मग होडीआधी लाइफ जॅकेट घे. मला एवढा चांगला कारागीर परत मिळायचा नाही.” मॅडम सहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी गोड बोलल्या, तेही मी बुडण्याच्या संदर्भात.

५ मार्च

ताई रोज फोनवर होड्यांचे फोटो पाठवते. आज अकरा पाठवले. त्यात एक पिवळी आहे, बदकाचं तोंड असलेली. दाजींनीही निरोप पाठवला, “मेहुणे, बायको नाही तर नाही, घरात होडी तरी येऊ दे.”

शिवाय आता ती बुधवारीही संध्याकाळी येते. तिच्या घरापासून इथे यायला दोन बस बदलाव्या लागतात. पडद्यांची कामं सोडून येते. मी विचारलं तर म्हणे, “सहज. बाबांना बघावंसं वाटलं.”

सहज कुणी काही करत नाही. हे घर बाबांच्या नावावर आहे. मला तसलं मनात आणायचं नाही, पण येतं. मला होडीत बसवून तळ्यात ढकलायचं आणि इकडे आपण पाय पसरायचे, असं काही आहे का हिच्या डोक्यात?

लिहिल्यावर वाचून बघितलं. वाईट दिसतं. खोडत नाही.

१० मार्च

काल संध्याकाळी बाबांना भरवत होतो. त्यांना आता दोन शब्द येतात, ‘हो हो’ आणि ‘चल’. नको म्हणायचं असलं तरी ‘हो हो’च म्हणतात, नुसता आवाज बदलतो. तीन घास खाल्ले आणि चौथ्याला चांगल्या हाताने वाटी उडवली. भिंत, चादर, माझा शर्ट, सगळं भरलं. सकाळीच बदललेली चादर.

माझा हात वर गेला.

मारलं नाही. पण बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि मान खांद्यात ओढली. आयुष्यभर रस्त्यावरचा रोलर चालवलेला माणूस. डांबराच्या धुरात उभं राहून कंत्राटदारावर ओरडणारा. तो माझ्यापुढे मान आत ओढून बसला. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. आत आलो तेव्हा त्यांच्या हनुवटीवरचं अन्न वाळलं होतं.

या वहीत पहिल्या दिवशी मी लिहिलंय की थोडी घाई झाली. घाई नव्हती. नऊ वाजायला चाळीस मिनिटं होती. बाबा उठत नव्हते, ‘चल चल’ म्हणत होते आणि जागचे हलत नव्हते. मला वाटलं मुद्दाम करतायत. मनगट धरलं ते उठवायला नव्हे. दुखावं म्हणून आवळलं. ते कण्हले तरी जरा वेळ सोडलं नाही.

हे कुणाला सांगता येणार नाही. ताईला काही कळलं नाही तेवढं बरं.

१६ मार्च

होडी घेतली.

जाहिरात ताईनेच शोधली होती. पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई. गुडघ्यांमुळे आता जमिनीलगत बसता येत नाही, म्हणून विकतात. त्यांच्या घरी गेलो तर होडी बैठकीच्या खोलीत फुगवून ठेवलेली, टीपॉय भिंतीला लावलेलं आणि आत मांजर झोपलेलं.

“काल सकाळी हवा भरलीये,” बाई म्हणाल्या. “दाबून बघा. दुसऱ्या दिवशी मऊ पडत असेल तर कुणाचीही घेऊ नका, कितीही गोड बोलले तरी.”

मी दाबली. टणक होती.

“हे ठिगळ?”

“दगड लागला होता. मीच लावलंय. चार वर्षं झाली, सुटलेलं नाही. कप्पे तीन आहेत, दोन बाजूंचे, एक तळाचा. एक गेला तरी काठापर्यंत याल. किती लांब जाणार आहात?”

“फार नाही. एक-दोन तास.”

“मग ही पुरे. हौसेला महागडी घेऊन लोक माळ्यावर टाकतात. मी दोनच गोष्टी सांगते. एकट्याला जिन्यावरून उचलता आली पाहिजे आणि ओली झाल्यावर वाळवायला जागा पाहिजे. बाकी सगळं विकणारे सांगतात.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, “घरी कोण आजारी आहे?”

“का?”

“तीस वर्षं खिडकीत बसून माणसं बघितलीत हो. मीही आईचं करत होते तेव्हाच घेतली होती ही.”

पंप, वल्हं आणि पिशवी त्यांनी त्यातच दिली. मांजर उठेना, त्याला होडीतून उचलून बाहेर ठेवावं लागलं. वजन साडेनऊ किलो. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर दम लागला, पण आणली.

२३ मार्च

काल पहिल्यांदा पाण्यात उतरलो. हे मी कुणासाठी लिहितोय कोण जाणे, पण खरं लिहितो. तळाच्या कप्प्याचं बूच नीट पिळलं नव्हतं. अर्ध्या तासात बूड मऊ पडलं, आणि मी परातीत बसल्यासारखा. शिवाय तळाला मागे एक पंख लावायचा असतो, तो पिशवीतच राहिला. त्यामुळे उजवीकडे वल्हं मारलं की होडी डावीकडे, डावीकडे मारलं की उजवीकडे. पुढे कुठेच नाही. काठावरचा राखणदार कमरेवर हात ठेवून बघत होता. परतल्यावर म्हणाला, “छान. गोल गोल जायलाही जमावं लागतं.”

कंबर धरलीये. खांदे भरून आलेत. ओली होडी गॅलरीत दोरीवर टाकली तर खालच्या मजल्यावरून आरडाओरडा झाला. बाबा खुर्चीतून तिच्याकडे बघत होते. मी वल्हं त्यांच्या चांगल्या हातात दिलं. त्यांनी ते घट्ट धरलं आणि सोडेचनात. जेवणापर्यंत तसेच बसले. मला वाटलं हसले. खात्री नाही.

दमलोय. गेल्या महिन्यापेक्षा जास्त दमलोय. मग उपयोग काय?

३० मार्च

काल वारा होता, म्हणून दहालाच परतलो. दार किल्लीने उघडलं. आतल्या खोलीत ताई बाबांना विचारत होती, “त्याने परत काही केलं का? हात दाखवा बघू. तो हात. आता दंड दाखवा.” आणि ती त्यांच्या बाह्या वर करून बघत होती.

मी दारात उभा. पाठीवर होडी. ताईने वळून बघितलं.

मला लाज वाटायला हवी होती. पण आला तो राग. म्हणालो, “तपासणी चाललीये? आता लिहून घे आणि घरही लिहून घे. त्यासाठीच चाललंय ना हे सगळं, होडी, रविवार, बुधवार?”

तिने बाबांच्या बाह्या खाली केल्या, बटण लावलं. मला स्वयंपाकघरात घेऊन आली आणि दार लोटलं.

“चार बोटं होती मनगटावर,” ती हळू आवाजात म्हणाली. “आणि खाली अंगठा. दिवसभर मापं घेते मी. खुर्चीच्या हाताला बोटं नसतात.”

मी पिशवीचा पट्टा धरून उभा राहिलो. ती खाली ठेवायचंही सुचलं नाही.

“मग त्याच दिवशी का नाही बोललीस?”

“काय बोलणार? तू नाही म्हणाला असतास. मग मला तुझ्यावर ओरडावं लागलं असतं. मग मी गेल्यावर तू आणि बाबा, दोघंच.” ती ओट्याला टेकली. “सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ना, तेव्हा एकदा मी त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावली आणि जिन्यात जाऊन बसले. त्या हाका मारत होत्या. पाणी मागत होत्या. एक तास. तुझे दाजी यायची वेळ झाली तेव्हा उघडली. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही.”

“ताई...”

“मला तेव्हा कुणीतरी नुसतं म्हणायला हवं होतं, ऊठ, बाहेर जा, मी बसते. एवढंच. म्हणून मी तुला म्हणत होते.”

मी तिथेच खाली बसलो, होडी पाठीवर घेऊनच. तिने खांद्यावरचे पट्टे काढले. लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तर काढायची तसे. मग म्हणाली, “घर लिहून घेऊ म्हणे. या जिन्याचं घर मला फुकट दिलंस तरी नको. माझे गुडघे बघितलेस का?” आणि आम्ही दोघंही वेड्यासारखे हसलो. मग मी हसत नव्हतो.

३१ मार्च

आज सकाळी बाबांना सांगितलं. आंघोळीच्या आधी समोर बसून. म्हटलं, “बाबा, मी मुद्दाम तुमचा हात आवळला होता. वाटीच्या दिवशीही मारणार होतो. चुकलं माझं.”

मला काय अपेक्षा होती कोण जाणे. डोक्यावर हात ठेवतील, काहीतरी. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. आंघोळ घालू दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही. कपडे घालू दिले, बघितलं नाही. मावशी आल्या तेव्हा त्यांच्याकडे बघून ‘हो हो’ म्हणाले.

बरोबरच आहे.

३ एप्रिल

अजून बघत नाहीत. माझ्या हातून खातात पण.

ताई आणि दाजींनी ठरवलंय, बाबा गुरुवार ते रविवार त्यांच्याकडे राहतील, तळमजल्यावर. सोमवार ते बुधवार इथे, मावशींसकट. मी म्हटलं, मला शिक्षा म्हणून का? दाजी फोनवर म्हणाले, “शिक्षा कसली? चार दिवस सासरा माझ्या डोक्यावर बसणार. शिक्षा झालीच असेल तर मला झालीये.” मागून ताईचा ओरडा ऐकू आला. मग दाजी वेगळ्या आवाजात म्हणाले, “तुम्ही दोन वर्षं एकट्याने केलंत हो. आम्हीच उशिरा जागे झालो.”

दाजींशी एवढं सरळ बोलणं पहिल्यांदाच झालं. मी नुसतं हो म्हणालो.

९ एप्रिल

आज बाबांना नेऊन सोडलं. दोघांनी मिळून खुर्चीसकट तीन मजले खाली उतरवलं, मी खालून, दाजी वरून. दाजी प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेत होते.

ताईच्या घरी त्यांना खिडकीजवळ बसवलं, औषधांचा डबा समजावून दिला, कुठला घास चालतो, कुठला अडकतो, सगळं सांगितलं. ताईला माहीत होतं तरी सांगितलं. निघालो तेव्हा बाबांनी माझ्या शर्टाचं टोक धरलं. डोळ्यांत बघितलं, नऊ दिवसांनी.  थोड्या वेळाने आपणच सोडलं.

माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. ताई म्हणते, “आता त्याचा पिच्छा सोड. सोमवारी घ्यायला वेळेवर ये, तेवढं पुरे.”

रिकामं घर फार मोठं वाटतं. लवकर परत जाऊन काय करायचं, म्हणून बसचे दोन थांबे चाललो.

२० एप्रिल

काल रविवार. पंख लावला, तिन्ही बुचं पिळली, जॅकेट घातलं. सकाळी सव्वासातला पाण्यात. आता सरळ जाते. फार लांब गेलो नाही, काठापासून दगड मारला तर पोचेल एवढंच. पलीकडे गवत आहे उंच, पाण्यात उभं. तिथे वारा लागत नाही. वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. म्हटलं, पाच मिनिटं पाठ टेकू.

“ओ होडीवाले! ओ!”

डोळे उघडले तर ऊन थेट तोंडावर. होडी गवतात नाकापर्यंत घुसलेली. एका पायावर चतुर बसलेला. काठावर राखणदार, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडतोय.

“जिवंत आहात का?”

मला जरा विचार करावा लागला. “आहे!”

“मग हात तरी हलवायचा! अर्धा तास हाका मारतोय. माझी नोकरी घालवाल!”

घड्याळ बघितलं. साडेदहा. सव्वातीन तासांतले निदान अडीच तास मी झोपलो होतो. मान आखडलेली, पाय बधिर, एक गाल भाजलेला. ताईला तिच्या घरी दहाला पोचतो म्हणून सांगितलं होतं. बाबांची आंघोळ मी घालणार होतो. घाईघाईने फोन काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघेना.

“ताई, उशीर झाला. मी इथे... मला झोप लागली.”

“कुठे?”

“पाण्यात. म्हणजे होडीत.”

 मला वाटलं आता खैर नाही. मागे कुठेतरी भांडं वाजलं, दाजी कुणाला तरी काहीतरी विचारत होते.

“आंघोळ झालीये त्यांची,” ताई म्हणाली. “सावलीला घे आधी ती होडी. आणि झोप अजून थोडा.”

मी गवताला धरून होडी आत ओढली.